बारीतलं घरगुती जेवण: पोटभर, तरी पातेल्यात उरलेलं काही नाही

कळसूबाईला जाणाऱ्यांनी पायथ्याच्या बारी गावात जेवायचं असेल तर या घरी जेवावं. चव चांगली आहेच, पण मी मुद्दाम लिहायला बसले ते इथे अन्न टाकून दिलं जात नाही म्हणून. मी संगमनेरला बरीच वर्षं मेस चालवली. कुठेही जेवायला गेले की माझं लक्ष आधी खरकट्याच्या बादलीकडे जातं. या घरच्या बादलीत दोन पंगती उठल्यावरही खरकटं जेमतेम तळाशी होतं. रविवार, श्रावण, अंगणात चिखल आणि पडवीत भरलेली पंगत, हे सगळं धरून सांगतेय.

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. पावसाळ्यात शनिवार-रविवार मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या गावात मावत नाहीत. रात्री चढायचं, उजाडताना माथ्यावर, दुपारपर्यंत खाली, असे ग्रुपच्या ग्रुप येतात. त्यांचं जेवण आयोजकाने फोनवर सांगून ठेवलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. सांगायची पंचेचाळीस ताटं. मग कसारा घाटात गाड्या अडकतात, कुणी पावसाला भिऊन येतच नाही, कुणाला उतरल्या उतरल्या घर गाठायचं असतं. जेवायला बसतात तीस आणि पैसेही तिसांचेच हातावर टेकवतात. भाकरीचं पीठ डब्यात राहतं, त्याचं काही बिघडत नाही. शिजलेल्या भाताचं काय करायचं? दमट हवेत वरण संध्याकाळपर्यंत आंबतं, आणि डोंगराकडे लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही.

या घरच्या वहिनींनी यावर स्वतःपुरता तोडगा काढलाय. आदल्या संध्याकाळी आकडा पक्का करून निम्मे पैसे आधी घेतात. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की सगळा भात एकदम शिजवत नाहीत. पहिली पंगत बसली, माणसं डोळ्यांनी मोजली, की मगच दुसरं पातेलं चढतं. शंभर माणसांचा स्वयंपाक करणाऱ्यालाही हे जमतं, पण त्यासाठी चुलीपाशी कुणीतरी शेवटपर्यंत उभं राहावं लागतं. त्या राहतात.

वाढणंही वहिनींच्याच हाताने. चढून उतरलेला माणूस पहिल्या घासाआधी ताट शिगोशीग भरून घेतो आणि अर्ध्यात थांबतो, हे मी मेसमध्ये सहलीची पोरं जेवायला यायची तेव्हा शेकड्याने पाहिलंय. वहिनी आधी एक नागलीची (नाचणीची) भाकरी, डावभर पिठलं, ठेचा आणि थोडा कांदा एवढंच वाढतात. "मागा दादा, कमी पडू देणार नाही. फक्त टाकू नका." माझ्या भाच्याने चार भाकऱ्या खाल्ल्या, एकीलाही कुणी हिशेब लावला नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात, कडा खरपूस, मधे पापुद्रा सुटलेला. कुर्डूची रानभाजी होती, लसूण आणि भिजवलेली डाळ घालून परतलेली. शहरातल्या पोरांना ती माहीत नसते, म्हणून आधी चमचाभर चवीला देतात. आवडली तर वाटी, नाहीतर बटाट्याचा रस्सा. एवढ्याशा चमच्याने किती भाजी वाचते ते मेसवालीला विचारा!

गावात दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, अनलिमिटेड थाळीची पाटी आहे. त्याच्या मागच्या बाजूला गेले तर खड्ड्यात पांढराशुभ्र भात, वर पोहे, त्यावर वरणाचा ओघळ आणि भोवती कुत्री. जनावरांना घालता येत नाही का, असं लोक विचारतात. मूठभर चालतो. पण गाईने पाटीभर शिजलेला भात खाल्ला तर पोट फुगतं, रवंथ बंद होतं, कधी गाय दगावते. आणि उकिरड्यावर कुत्री वाढली की त्यांच्या मागे बिबट्या येतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून राहणाऱ्या गावाला हे परवडणारं नाही. मला मात्र सगळ्यात जास्त लागतं ते याचं, की आषाढात गुडघाभर चिखलात वाकून भाताची आवणी (रोपांची लावणी) करणाऱ्या बायकाच मग दुपारी हा भात खड्ड्यात ओततात. त्यांना दोष देऊ नका. पंचेचाळीस सांगून तीस आणणाऱ्याला पंचेचाळिसांचे पैसे द्यायला लावा.

उरलेल्या दोन-चार भाकऱ्यांची सकाळी फोडणीची भाकरी होते, घरच्यांनाच. आम्हीही मागून घेतली, आणि त्यांना जरा नवल वाटलं.

एक गोष्ट खटकली. सकाळचे पोहे आतून प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी डिशमध्ये देतात. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्यांच्या जागी या आल्या, पण याही कुजत नाहीत. जेवणाला स्टीलची ताटं आहेत, मग नाश्त्याला का नाहीत? वहिनी म्हणाल्या, पहाटे चाळीस डिश धुवायला माणूस नसतो. खरं आहे. आम्ही स्टीलच्या ताटल्या घेऊन आमच्या आमच्या धुतल्या, पाच मिनिटं लागली. ग्रुपवाल्यांनी हे ठरवून करावं.

ताट १८० रुपये. दुसऱ्या पंगतीत बसलात तर भातासाठी वीसेक मिनिटं थांबायची तयारी ठेवा, आणि कुणी गळालं तर चढायला सुरुवात करण्याआधीच फोन करून सांगा, वर रेंजचा भरवसा नाही.