एस्क्रोच्या पत्रापासून मतपत्रिकेपर्यंत : एका कॉन्झर्व्हेटिव्ह वार्तापत्राची वर्षभराची वर्गणी

२०२५च्या फेब्रुवारीत गृहकर्जाच्या कंपनीकडून एस्क्रोचे, म्हणजे हप्त्याबरोबरच घराच्या टॅक्सचे आणि विम्याचे पैसे जमा होतात त्या खात्याचे, वार्षिक पत्र आले आणि व्याजदर कायम असूनही महिन्याचा हप्ता वाढल्याचे कळले. वाढ सगळी घराच्या टॅक्सची होती. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, याचे कौतुक नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला फार असते. पण शाळा, काउंटी, शहर आणि नव्या वसाहतींमध्ये पाणी-सांडपाण्यासाठी असलेला एमयूडी (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) हे सगळे आपापला हिस्सा घराच्या किमतीवर लावतात, आणि त्या प्रत्येकाचा कारभार निवडून आलेल्या माणसांच्या हातात असतो, हे पहिल्या बिलापर्यंत सहसा कोणी सांगत नाही. नागरिकत्व मिळाल्यापासून मी फक्त अध्यक्षपदाच्या वर्षी मत देत आले होते. आपल्या स्कूल बोर्डावर कोण बसले आहे, हे मला सांगता आले नसते. त्याच आठवड्यात, काहीशा अपराधी भावनेने, राज्य आणि स्थानिक निवडणुकांवर कॉन्झर्व्हेटिव्ह दृष्टीने भाष्य करणाऱ्या एका वार्तापत्राची वर्गणी मी भरली.

वर्गणी वर्षाला ८० डॉलर आहे. दर गुरुवारी ईमेलने एक अंक येतो, महिन्यातून एकदा तासाभराचा ध्वनिमुद्रित संवाद असतो, निवडणुकीच्या आधी मतपत्रिकेवरील प्रत्येक प्रस्तावाचे टिपण मिळते आणि जुन्या अंकांचा संग्रह खुला होतो. चालवणारे दोघे-तिघेच असावेत. आपण निःपक्षपाती असल्याचा आव ते आणत नाहीत. कर कमी असावेत, सरकारी कर्ज जपून काढावे, शाळेत काय शिकवले जाते यावर पालकांचा अधिकार असावा आणि जे काम काउंटीला जमते ते राज्याने आणि राज्याला जमते ते वॉशिंग्टनने हातात घेऊ नये, ही भूमिका पहिल्याच अंकात लिहिलेली आहे. त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या काही तक्रारींचा खुलासा त्यांच्याकडून अद्याप आलेला नाही आणि एका बाजूचे ऐकून कोणाचे नाव घेणे मला योग्य वाटत नाही.

या वार्तापत्राची खरी ताकद मे महिन्यात दिसते. टेक्सासमधील बऱ्याचशा स्थानिक निवडणुका मेच्या पहिल्या शनिवारी होतात. त्या दिवशी राष्ट्रीय वाहिन्यांवर काहीही नसते आणि मतदान केंद्रावर रांगही नसते. २०२५ साली ती तारीख ३ मे होती आणि आमच्या मतपत्रिकेवर स्कूल डिस्ट्रिक्टचे बाँडचे, म्हणजे मतदारांच्या मंजुरीने कर्ज काढण्याचे, प्रस्ताव होते. ते वेगवेगळे का मांडलेले असतात, हे मला या वार्तापत्रामुळे समजले. २०१९च्या कायद्याने मोठे स्टेडियम, जलतरण तलाव, रंगमंचाची इमारत आणि तंत्रज्ञान यांसाठीचे कर्ज सर्वसाधारण बांधकामाच्या प्रस्तावात मिसळता येत नाही. प्रत्येकासाठी मतदारांकडून स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. पूर्वी वर्गखोल्यांच्या आडोशाने फुटबॉलचे मैदानही मंजूर होऊन जात असे. शाळेच्या टॅक्सचेही दोन भाग असतात, एक पगार आणि रोजच्या खर्चाचा, दुसरा बाँडचे मुद्दल आणि व्याज फेडण्याचा, आणि ‘शिक्षकांना पगार मिळावा म्हणून बाँडला मत द्या’ असे कोणी सांगू लागला तर तो या दोन खिशांची गल्लत करत आहे, हे त्यांनी इतक्या सोप्या शब्दांत मांडले होते की तो परिच्छेद मी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटात पाठवला.

त्या अंकातील सर्वांत चांगला युक्तिवाद टॅब्लेट आणि लॅपटॉप यांविषयी होता. मुलांच्या हातात दिलेले यंत्र चार-पाच वर्षांत निकामी होते. त्यासाठी काढलेले कर्ज त्यापेक्षा जास्त वर्षे फेडायचे असेल, तर शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या मोडक्या यंत्राचा हप्ता त्याच्या मागून आलेल्या मुलाचे आई-वडील भरणार. कर्जाचे आयुष्य वस्तूच्या आयुष्यापेक्षा मोठे नसावे, ही आपल्या घरातल्या कुठल्याही आजीने सांगितली असती अशी गोष्ट आहे, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह विचार त्याच्या मुळाशी असा घरखर्चाच्या वहीसारखा असतो तेव्हा मला तो मनापासून पटतो.

मात्र याच अंकात त्यांनी एक लबाडीही केली. टेक्सासमध्ये शाळेच्या प्रत्येक बाँडच्या प्रस्तावावर ‘ही मालमत्ता कराची वाढ आहे’ असे वाक्य ठळक छापावे लागते. वार्तापत्राने त्या वाक्याचे छायाचित्र वर लावले आणि खाली लिहिले की डिस्ट्रिक्टने स्वतःच कबुली दिली आहे. प्रत्यक्षात कराचा दर वाढणार असो वा नसो, हे वाक्य कायद्याने सक्तीचे आहे. डिस्ट्रिक्टने प्रसिद्ध केलेले मतदार माहितीपत्रक मी उघडले, तेव्हा त्यात मुद्दल, अंदाजे व्याज आणि १ लाख डॉलर किमतीच्या राहत्या घरावर वर्षाला पडू शकणारा जास्तीत जास्त बोजा हे सगळे मांडलेले होते. विरोध करायला तेवढे आकडे पुरेसे होते; कायद्याने लिहायला लावलेल्या वाक्याला कबुलीजबाब म्हणण्याची गरज नव्हती. मी संपादकांना तसे कळवले. उत्तर आले नाही आणि दुरुस्तीही छापली गेली नाही.

जुन्या अंकांच्या संग्रहात मला एक हिरा सापडला. २०२४च्या मेमध्ये टेक्सासमधील ७५ हजारांहून अधिक वस्तीच्या काउंट्यांमध्ये मूल्यांकन जिल्ह्याच्या मंडळावरील तीन जागांसाठी प्रथमच थेट मतदान झाले. घराची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयावर देखरेख करणारी ही माणसे. पण त्या निवडणुकीची खबर माझ्या ओळखीतल्या कोणालाही नव्हती. वार्तापत्राने मात्र सहा आठवडे आधीपासून त्यावर लिहिले होते आणि हे मंडळ स्वतः कोणाच्या घराची किंमत ठरवत नाही, ते मुख्य मूल्यांककाची नेमणूक आणि अर्थसंकल्प पाहते, हेही स्पष्ट केले होते. उमेदवार दारोदार ‘मी तुमची किंमत खाली आणीन’ असे सांगत फिरत असतील तर ते खोटे आहे, मग ते आपल्या बाजूचे असले तरी, असे त्यांनी लिहिले होते. आपल्या बाजूला असे टोचणारे वाक्य पुढच्या वर्षभरात मला क्वचितच आढळले.

१५ मेची आठवणही त्यांनी तीनदा दिली. मूल्यांकनाविरुद्ध प्रोटेस्ट दाखल करण्याची ती साधारण शेवटची तारीख असते. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असलेल्यांना मत देता येत नसले तरी घर त्यांच्या नावावर असेल तर हा हक्क त्यांनाही आहे. मी शेजारच्या तीन घरांचे आकडे जोडून अर्ज केला. किंमत थोडी खाली आली आणि त्यात वाचलेला टॅक्स वर्गणीपेक्षा जास्त भरला, एवढी नोंद हिशेबापुरती पुरे.

टेक्सासबाहेरच्या निवडणुकांवर लिहिताना या मंडळींचा तोल कधी सांभाळलेला दिसतो, कधी पार जातो. १ एप्रिल २०२५ रोजी विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची निवडणूक झाली. लिबरल गटाच्या सुझन क्रॉफर्ड यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह ब्रॅड शिमेल यांना सुमारे दहा टक्के मतांनी हरवले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, मतदानासाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र राज्यघटनेत नमूद करण्याची दुरुस्ती सुमारे ६३ टक्के मतांनी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशीचा खास अंक अपेक्षेप्रमाणे बाहेरच्या पैशांवर घसरला आणि त्यात फक्त क्रॉफर्ड यांच्या देणगीदारांचे पाढे वाचले गेले. एलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी शिमेल यांच्यासाठी ओतलेले २ कोटींहून अधिक डॉलर कोठे गेले, याचा त्यात उल्लेख नव्हता. पण पुढच्या गुरुवारच्या अंकात, बहुधा दुसऱ्याच हाताने लिहिलेला, एक शांत लेख आला. हजारो मतदारांनी एकाच वेळी ओळखपत्राला होकार आणि आमच्या उमेदवाराला नकार दिला, तेव्हा आमचा मुद्दा त्यांना पटला होता, पण तो मांडणारा माणूस पटला नव्हता, असा त्याचा आशय होता. असे लेख वर्षात दहा मिळाले असते तर मी ८० डॉलरांऐवजी १०० दिले असते.

नोव्हेंबरने त्यांची परीक्षा घेतली. न्यू जर्सीत गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार जॅक चिॲटरेली २०२१मध्ये सुमारे तीन टक्क्यांनी हरले होते. या वेळी ते जिंकण्याच्या उंबरठ्यावर आहेत, असे वार्तापत्र सप्टेंबरपासून सांगत होते. ते तेरा-चौदा टक्क्यांनी हरले. व्हर्जिनियात त्याच पदाच्या रिपब्लिकन उमेदवार विन्सम अर्ल-सियर्स सुमारे पंधरा टक्क्यांनी हरल्या. अंदाज चुकणे हा गुन्हा नाही. चुकलेल्या अंदाजाबद्दल चकार शब्द न काढता पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या नव्या महापौरांवर लागोपाठ दोन अंक काढणे हे मात्र वाचकाला गृहीत धरणे आहे. स्थानिक निवडणुकांसाठी पैसे घेणाऱ्या पत्राने दूरच्या एका महानगरावर इतकी शाई खर्च का करावी, याचे उत्तर उघड आहे. तेथे राग तयार मिळतो.

नोव्हेंबरमधील मतदानाच्या त्याच दिवशी जॉर्जियात जे घडले त्याला त्यांनी दोन ओळी दिल्या. वीज कंपनीच्या दरांवर नियंत्रण ठेवणारा राज्याचा पब्लिक सर्व्हिस कमिशन हा पाच जणांचा आयोग तेथे थेट मतदानाने निवडला जातो. पाचही जागा रिपब्लिकन पक्षाकडे होत्या, त्यांतील दोन डेमोक्रॅटिक उमेदवारांनी मोठ्या फरकाने जिंकल्या. त्या राज्यात राज्यव्यापी सरकारी पद त्या पक्षाने २००६नंतर प्रथमच जिंकले. कारण सर्वांना ठाऊक होते. लोकांनी विजेचे बिल पाहून मत दिले. ज्या पत्राने मला एस्क्रोच्या पत्रातून राजकारण वाचायला शिकवले, त्यालाच दुसऱ्या बाजूने विजेच्या बिलातून मांडलेले राजकारण दिसू नये, याचे मला नवल वाटले.

माझी सर्वांत मोठी तक्रार मतदारसंघांच्या फेररचनेबद्दल आहे. ऑगस्ट २०२५मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने दशकाच्या मध्येच (एरवी ते दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर आखतात) काँग्रेसचे मतदारसंघ रिपब्लिकन पक्षाला सोयीचे होतील असे नव्याने आखले. वार्तापत्राने त्याचे समर्थन केले. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन ५० हा डेमोक्रॅटिक पक्षाला सोयीच्या फेररचनेचा प्रस्ताव मंजूर करून त्याला तसेच उत्तर दिले, तेव्हा तो लोकशाहीवरील दरोडा ठरला. इतका दुटप्पीपणा दोन्हीकडच्या भाष्यात असतो, म्हणून मी तो सोडून दिला असता. पण डिसेंबरमध्ये इंडियानाच्या सिनेटने, जेथे ५० पैकी ४० सदस्य रिपब्लिकन आहेत, तशाच फेररचनेचा प्रस्ताव ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला. वॉशिंग्टनचा दबाव उघड होता आणि २१ रिपब्लिकन सदस्यांनी तो मानला नाही. राज्याचा निर्णय राज्याने घ्यावा, हे ज्यांनी पहिल्या अंकात लिहिले होते, त्यांनी या सदस्यांना दगाबाज म्हटले. तो अंक मी दोनदा वाचला. निदान ‘आम्हाला हा निर्णय आवडला नाही, पण तो घेण्याचा अधिकार त्यांचाच होता’ एवढे एक वाक्य कोठे तरी सापडेल, अशी आशा होती. सापडले नाही.

ध्वनिमुद्रित संवादाविषयी थोडक्यात सांगायचे तर तो घेतला नाही तरी चालेल. तासातला निम्मा वेळ दोन मित्रांच्या गप्पांत जातो, आणि एका मताचे महत्त्व सांगण्यासाठी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या २०१७च्या निवडणुकीचा किस्सा मी वर्षात चार वेळा ऐकला. दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मते पडली, नावे फिल्मच्या डब्यांत घालून वाडग्यातून चिठ्ठी काढली आणि त्यावरून सभागृहाचे बहुमत ठरले, हे पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. चौथ्यांदा नाही.

राहिला प्रश्न ग्राहकसेवेचा. वर्गणीचा अर्ज भरताना माझ्या नावातले एक अक्षर चुकले होते. दोन आठवड्यांत मला फोनवर देणग्या मागणारे मेसेज येऊ लागले. ओहायोचे, ॲरिझोनाचे, ज्यांना मी मतही देऊ शकत नाही अशा उमेदवारांचे, आणि प्रत्येकात माझे नाव त्याच चुकीच्या स्पेलिंगने होते. माझी माहिती कोणाकडून गेली असावी, याचा तर्क करायला मला फार डोके चालवावे लागले नाही. मी लेखी विचारणा केली; तिला उत्तर नाही. यंदा फेब्रुवारीत कोणतीही पूर्वसूचना न देता कार्डावर पुन्हा ८० डॉलर लागले. रद्द करण्याचे बटण खात्यात कोठेच नव्हते. तीन ईमेल आणि एका फोननंतर पैसे परत मिळाले, आणि फोनवरची मुलगी अतिशय सौजन्याने बोलली, हेही नमूद करते.

मेची निवडणूक पुन्हा तोंडावर आली आहे आणि आमच्या भागातील बाँडचे प्रस्ताव इतक्या बारकाईने उलगडून दाखवणारे दुसरे कोणी मला सापडलेले नाही. म्हणून मी मार्च ते मे एवढ्याच तीन महिन्यांसाठी, महिन्याला ८ डॉलर भरून, नव्या ईमेलवर वर्गणी सुरू केली आहे. या वेळी अर्जात नावाबरोबर आडनावातलेही एक अक्षर मुद्दाम बदलले आहे.