नव्या गाडीचं वॅक्सिंग: वाशीतल्या एका डिटेलिंग दुकानाबद्दल

हात चांगला, सल्ला अर्धवट. ‘गाडी नवीन आहे, तीन महिने वॅक्स नको,’ असं काउंटरवर सरसकट सांगतात. ते चूक. कारखान्यात क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण १४० अंशांवर ओव्हनमध्ये भाजून निघतो. शोरूममधून बाहेर पडताना रंग पक्का असतो, त्याच दिवशी वॅक्स चालतं.

थांबायचं ते गॅरेजात रंगवलेल्या भागासाठी. तिथल्या बूथचं तापमान ६० अंशांच्या आसपास, त्यामुळे रंगातलं सॉल्व्हंट (रंग पातळ करणारं द्रावण) पुढे बरेच दिवस उडत राहतं. वरून वॅक्स चढवलं की ते कोंडतं, रंग मऊ राहतो, चमक मरते. म्हणून ३० ते ९० दिवस, रंगाची कंपनी सांगेल तेवढे. नव्या गाडीचाही बंपर यार्डात खरचटून पुन्हा रंगवलेला असू शकतो. डिलिव्हरी घेताना विचाराच.

काम मात्र मन लावून करतात. बॉनेट हाताला गार लागेपर्यंत गाडी सावलीत. धुतल्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटं घालून पत्रा चाचपतात, खरखर लागली तरच क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी), तोही भरपूर ल्युब्रिकंट मारून. रुळांजवळ किंवा एमआयडीसीच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाची धूळ बसते, तिथे हे लागतंच. वॅक्स अगदी पातळ, बोट फिरवून स्वच्छ रेघ उमटली, म्हणजे ते सुकलं, की मायक्रोफायबरने पुसणं.

घाईत दाराच्या काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग सोडतात. आधी मास्किंग टेप लावायला सांगा. पावसाळ्याच्या तोंडावर कार्नोबा या नैसर्गिक मेणापेक्षा सिंथेटिक सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप) घ्या, जास्त टिकतं.