छोट्या भोपळा केकचा साचा : दोन मोसम वापरून झाल्यावर

दोन वर्षं झाली हा साचा घेऊन. दरवर्षी भोपळ्याचा मोसम आला की तो खाली निघतो आणि दरवर्षी ह्याच्याबद्दल लिहायचं राहून जातं, म्हणून आज एकदाचं लिहितेय.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. बारा वाट्यांचा साचा, कास्ट ॲल्युमिनियमचा, आतून काळपट नॉनस्टिक कोटिंग. सहा वाट्यांत भोपळ्याचा वरचा अर्धा भाग होतो, देठासकट, आणि सहांत खालचा. दोन्ही भाजून मध्ये क्रीम चीज लावून एकावर एक बसवले की तळहातावर मावेल एवढा पूर्ण गोल भोपळा तयार. म्हणजे एका घाण्यात सहा केक. कोटिंगचा रंग आणि वजन बघून पहिल्याच दिवशी वाटलं होतं की हे टिकणार, आणि टिकलंय, एका ठिकाणची तक्रार सोडून, ती पुढे सांगते.

मी आधी सिलिकॉनचा साचा वापरायचे. त्यातून केक सुटतो पटकन, मान्य, पण सिलिकॉनमधून उष्णता फार हळू जाते त्यामुळे केकची बाहेरची बाजू फिक्कट आणि ओलसर राहते, खाचा बोथट येतात, आणि भोपळा न वाटता नुसता फुगलेला गोळा वाटतो. ॲल्युमिनियम उष्णता झटकन घेतं आणि सगळीकडे सारखी देतं. ह्या साच्यातून आलेल्या केकला बाहेरून पातळ, तपकिरी, किंचित कुरकुरीत असं कवच येतं आणि आतून तो मऊच राहतो, आणि छोट्या केकमध्ये कवचाचं प्रमाण जास्त असल्यामुळे प्रत्येक घासात दोन्ही मिळतं. मला ह्या साच्याचं सगळ्यात जास्त कौतुक ह्याच गोष्टीचं आहे, आकार नंतर.

खाचांचे असे जड ओतीव साचे घरोघरी आले ते बंट पॅनमुळे, म्हणजे मध्ये नळी असलेल्या, खाचांच्या गोल केकच्या भांड्यामुळे. 1950 साली अमेरिकेत मिनियापोलिसच्या काही ज्यू महिला एच. डेव्हिड डालक्विस्ट ह्यांच्याकडे गेल्या, त्यांना युरोपातल्या गुगलहुप्फ ह्या मध्ये भोक असलेल्या केकच्या जड भांड्यासारखंच पण हलकं भांडं हवं होतं, आणि त्यांनी ते ॲल्युमिनियममध्ये ओतून दिलं. नॉर्डिक वेअर ही त्यांचीच कंपनी. सुरुवातीला फारसा खप नव्हता, मग 1966 च्या पिल्सबरी ह्या पिठाच्या कंपनीच्या बेकिंग स्पर्धेत एला हेल्फ्रिच ह्यांच्या चॉकलेट केकला दुसरं बक्षीस मिळालं, तो केक बंट पॅनमध्ये केलेला होता आणि मग मात्र तो पॅन सगळ्यांना हवाच झाला. माझा साचा दुसऱ्या कंपनीचा आहे, पण कल्पना तीच, धातू ओतून केलेल्या खोल खाचा. आणि अडचणसुद्धा तीच, खाचेत केक अडकतो.

आता तक्रार. साच्याबरोबर एक छोटं माहितीपत्रक आलं होतं, त्यात रेसिपी आणि वापरायच्या सूचना. त्यात लिहिलंय की कुकिंग स्प्रे मारा आणि वाट्या काठोकाठ भरा. दोन्ही चूक. पहिल्या घाण्यात मी तसंच केलं, बॅटर वाट्यांच्या बाहेर येऊन साच्याच्या सपाट भागावर पसरलं, सगळे केक एकमेकांना जोडले गेले, आणि उपडा केला तेव्हा सहापैकी चार देठ साच्यातच राहिले. केक छान झाला होता, चव उत्तम, पण देठाच्या जागी भोकं. भोपळ्याचा देठ गेला की तो भोपळा राहत नाही हो. इतका विचार करून बनवलेली वस्तू आणि तिच्याबरोबरचा कागद असा, ह्याचं मला मनापासून वाईट वाटलं, कारण नवीन माणूस पहिल्याच दिवशी साच्याला दोष देऊन तो माळ्यावर टाकेल.

स्प्रेचं असं आहे की बऱ्याच स्प्रेमध्ये लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तो ओव्हनमध्ये कोटिंगवर चिकट थर धरतं आणि दर वेळी थर वाढत जातो, साबणाने निघत नाही. माझ्या दोन वाट्यांच्या खाचांत पहिल्या तीन वापरांतच तो पिवळसर चिकटपणा आला आणि अजून पूर्ण गेलेला नाही. साधं लोणीही ह्या कामाला बरं नाही, त्यात साधारण 16 टक्के पाणी असतं आणि दुधाचा अंश असतो, तो अंश भाजताना धातूला धरून बसतो. मला सगळ्यात चांगला अनुभव आला तो वितळवलेल्या तुपाचा, कारण त्यातलं पाणी आणि दुधाचा अंश दोन्ही आधीच गेलेलं असतं. एक छोटा ब्रश घ्यायचा, तूप अगदी पातळ नको, थोडं आळलेलं हवं म्हणजे खाली ओघळून वाटीच्या तळाशी साचत नाही, आणि प्रत्येक खाचेत ब्रशचं टोक वरून खाली फिरवायचं, देठाच्या खड्ड्यात तर ब्रश उभा धरून गोल फिरवायचा. मग मैदा चाळून भुरभुरायचा, साचा सगळ्या बाजूंनी तिरका करून फिरवायचा, आणि सिंकवर उपडा धरून दोन्ही हातांनी ठणठण ठोकायचा, जास्तीचा सगळा मैदा पडला पाहिजे नाहीतर केकवर पांढरे चट्टे येतात. खिडकीकडे धरून बघायचं, जिथे धातू चमकतोय तिथे तूप लागलेलं नाही. ह्या सगळ्याला मला आठ-दहा मिनिटं लागतात, आणि हे केल्यापासून एकही देठ साच्यात अडकून राहिलेला नाही.

भरायचं किती, तर पाऊण वाटी. मी पाण्याने मापून बघितलं, माझ्या साच्याच्या एका वाटीत काठोकाठ 90 मिली मावतं, मी वजनकाट्यावर साचा ठेवून प्रत्येक वाटीत 60 ग्रॅम बॅटर घालते. वजनाने भरलं की दोन्ही अर्धे एकाच वेळी भाजून होतात आणि जोडताना वरचा मोठा खालचा लहान असं होत नाही. भरून झालं की साचा ओट्यावर घडी केलेल्या फडक्यावर चार-पाच वेळा आपटायचा, खाचेत अडकलेली हवा वर येते. हे विसरलं तर केकच्या अंगावर बारीक बारीक खड्डे दिसतात.

रेसिपी त्या कागदावरची वापरू नका, तिच्यात ओला पल्प आणि लोणी असल्यामुळे केक जड आणि चिकट होतो. माझं प्रमाण देते. मैदा 180 ग्रॅम, बेकिंग पावडर 1 चमचा, बेकिंग सोडा अर्धा चमचा, मीठ पाव चमचा, भोपळ्याचा निथळलेला पल्प 200 ग्रॅम, ब्राऊन शुगर 150 ग्रॅम, 2 अंडी, तेल 100 मिली. मसाला म्हणजे दालचिनी 2 चमचे, सुंठ 1 चमचा, जायफळ अर्धा, लवंग पाव. चमचा म्हणजे 5 मिलीचा, मापाचा. तेल एवढ्यासाठी की ते थंड झाल्यावरही घट्ट होत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही केक मऊ लागतो, लोण्याचा केक फ्रिजमधून काढला की दगडासारखा. सोडा वाढवायचा मोह टाळा, त्याला काम करायला आंबटपणा लागतो, तो थोडा ब्राऊन शुगरमधल्या मळीतून आणि थोडा भोपळ्यातून मिळतो, त्यापेक्षा जास्त सोडा पडला की उरलेल्याची साबणासारखी चव येते आणि सुंदर नारिंगी रंगाचा मातकट होतो. मैदा घातल्यावर फार फेटायचं नाही, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं.

भोपळ्याबद्दल थोडं जास्तच बोलते कारण इथेच बहुतेकांचा केक बिघडतो. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. कोरून दिवे लावायला वापरतात तो मोठा नारिंगी भोपळा तर पाणचट आणि धागेदार, केकला अजिबात घेऊ नका. डब्यातला पल्प मिळतो त्याचीही गंमत ऐका, अमेरिकेत डबाबंद भोपळ्याचा मोठा हिस्सा डिकिन्सन नावाच्या जातीचा असतो, वरून फिक्या पिवळट रंगाचा, लांबट, बटरनट ह्या लांबट, घट्ट गराच्या भोपळ्याचाच जवळचा नातेवाईक, चित्रातल्या नारिंगी भोपळ्यासारखा दिसतच नाही. त्यामुळे ताजा घेणार असाल तर आकाराला छोटा, हातात जड लागणारा, गर घट्ट आणि गडद असलेला घ्या, नाहीतर सरळ बटरनट घ्या. उकडू नका, अर्धा कापून बिया काढून पालथा घालून ओव्हनमध्ये भाजा, सुरी लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. मग गर काढून मिक्सरमधून फिरवायचा आणि फडक्यात बांधून चाळणीवर रात्रभर ठेवायचा. सकाळी खालच्या भांड्यात जे पिवळं पाणी जमतं ते बघून कळतं की केक का बसत होता. घाई असेल तर पल्प कढईत मंद आचेवर परतत राहायचं, कढईच्या तळाला चमचा ओढल्यावर रेघ तशीच राहिली की झालं.

आणि एक खरं सांगू का, भोपळ्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा दालचिनी-जायफळाचा असतो. भोपळ्याची स्वतःची चव सौम्य, थोडी मातीची, गोडसर, ती ह्या प्रमाणात मागून जाणवते. मसाला अजून वाढवलात तर केक चांगलाच लागेल, पण भोपळा गेला.

भाजायला 175 अंश, पण साचा आतून गडद असल्यामुळे मी 165 वर ठेवते, गडद कोटिंग उष्णता जास्त ओढतं आणि खाचांच्या कडा आधी करपतात. 18 ते 20 मिनिटं, लाकडी काडी घालून बघायची, धातूची सुई नाही, कोटिंगला ओरखडा जातो. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. लगेच काढायला गेलं तर केक इतका नाजूक असतो की फाटतो, आणि पूर्ण गार होऊ दिला तर साखर घट्ट होऊन धातूला धरते. दहाव्या मिनिटाला कडा साच्यापासून किंचित सुटलेल्या दिसतात, मग वर जाळी ठेवून एका झटक्यात उपडा. ते बाराही अर्धे एकदम जाळीवर पडतात तो आवाज, धप्प असा, तो ऐकायला माझ्या घरातली पोरं स्वयंपाकघरात येऊन उभी राहतात.

जोडायच्या आधी पाठीला फुगीरपणा येतो तो ब्रेडच्या सुरीने सपाट कापावा लागतो, ते तुकडे उभ्या उभ्या संपतात. मधल्या क्रीमला 150 ग्रॅम क्रीम चीज, 50 ग्रॅम लोणी, 60 ग्रॅम आयसिंग शुगर, बस. केक पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नका, वरचा भाग सरकतो. वरून जाड आयसिंग ओतू नका हो, एवढ्या मेहनतीने आलेल्या खाचा बुजतात, नुसती पिठीसाखर चाळली की प्रत्येक खाच वेगळी दिसते.

साफसफाईत फार त्रास नाही पण शिस्त लागते. डिशवॉशरमध्ये टाकायचा नाही, त्यातल्या डिटर्जंटने ॲल्युमिनियम काळं पडतं. कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून मऊ टूथब्रशने खाचा घासायच्या, मग नुकत्याच बंद केलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवून सुकवायचा, कारण देठाच्या खड्ड्यात फडकं पोचत नाही.

टिकण्याबद्दल म्हणाल तर दोन मोसमांत मिळून वीसेक वेळा तरी वापरलाय, कुठे वाकलेला नाही, कोटिंग सपाट भागात जसंच्या तसं, फक्त दोन देठांच्या खड्ड्यांत थोडं पातळ झालंय, तिथे मी तूप दोनदा लावते. कंपनीला ह्याबद्दल आणि त्या कागदाबद्दल दोन्ही लिहिलं होतं. कोटिंगबद्दल उत्तर आलं, बदलून द्यायची तयारी दाखवली, मीच नको म्हटलं कारण काम अडत नाही. कागदाबद्दल काहीच बोलले नाहीत, आणि गेल्या महिन्यात मैत्रिणीने तोच साचा मागवला तर तिच्या खोक्यातही तोच कागद, काठोकाठ भरा म्हणून. तिला मी तो फाडून टाकायला सांगितला आणि हे वरचं सगळं फोनवर सांगितलं, तिचे सहाही देठ पहिल्याच घाण्यात शाबूत आले, फोटो पाठवला तिने.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या कागदाचा कापला. वर्षातून एकदाच भोपळ्याचा केक करणार असाल तर मफिनचा साधा ट्रे पुरे, पण मोसमभर दर आठवड्याला ओव्हन लागत असेल तर घ्याच. आणि न जोडलेले अर्धे बटर पेपरमध्ये गुंडाळून डबाबंद करून फ्रीझरमध्ये दोन महिने आरामात राहतात, क्रीम मात्र आयत्या वेळी करा.