सात दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय’ पर्वत मार्गदर्शक: माझी झालेली फसवणूक

आमचे गाव अचलपूर तालुक्यात, चिखलदऱ्याच्या पायथ्याशी आहे. गाविलगडावर पर्यटकांना फिरवता फिरवता हिमालयातील मोहिमांवर मार्गदर्शक म्हणून जाण्याची इच्छा माझ्या मनात रुजली. परतवाड्यात भेटलेल्या एका गृहस्थांनी सात दिवसांच्या शिबिरानंतर ‘आंतरराष्ट्रीय पर्वत मार्गदर्शक’ असे प्रमाणपत्र आणि लगेच काम देण्याची हमी दिली. आंबिया बहाराच्या संत्र्यांचे पैसे नुकतेच हाती आले होते. बाबांनी त्यांतून 42,000 रुपये काढून दिले.

शिबिर चिखलदऱ्यातच झाले. बाराशे मीटरही उंची नसलेल्या आणि बर्फ कधी न पाहिलेल्या डोंगरावर हिमनदीवरील वाटचाल कशी शिकवणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, याची आज लाज वाटते. एकोणीस जणांपैकी एकही नापास झाला नाही, हेही त्या वेळी कौतुकाचेच वाटले.

ते प्रमाणपत्र घेऊन मी उत्तरकाशीला काम मागायला गेलो. तेथील मोहीम आयोजकांनी कागद उलगडलाही नाही. ‘बेसिकला श्रेणी कोणती मिळाली?’ एवढेच विचारले. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा 1954 साली स्थापन झालेली दार्जिलिंगची संस्था अशा ठिकाणी आधी साधारण चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागतो, त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तरच प्रगत अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो आणि प्रशिक्षक होण्याचा अभ्यासक्रम त्याच्याही पुढे असतो, हे मला तेव्हा कळले. अर्ज थेट संस्थेकडे करता येतो, मध्यस्थ लागत नाही. ज्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे नाव माझ्या कागदावर छापले होते, तो 1965 पासून अस्तित्वात आहे खरा. पण त्याचा बिल्ला सदस्य देशांच्या राष्ट्रीय संघटनांमार्फत, कडा, बर्फ आणि स्की यांच्या काही वर्षे चालणाऱ्या प्रशिक्षणानंतरच मिळतो.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी पावती मागितली. मी ती प्रथमच नीट वाचली: त्यावर प्रशिक्षणाचा उल्लेखच नव्हता, ‘संस्थेस ऐच्छिक देणगी’ असे लिहिले होते आणि खाली सही बाबांची होती.