बाबांची ब्रनो टू-टू: आठ महिने वापरल्यावर

ही रायफल आज दुकानात नवी मिळत नाही. तरी लिहितोय, कारण गेल्या वर्षभरात ओळखीच्या पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "घरी आजोबांची ब्रनो पडून आहे, ठेवू की जमा करून टाकू?" नागपूर, उमरेड, काटोल भागातल्या जुन्या घरांमध्ये अशा रायफली अजून निघतात. लोखंडी कपाटात, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या, आणि बहुतेक वेळा गंजलेल्या.

आमची ब्रनो मॉडेल २ आहे. पॉइंट टू टू बोर (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर दांडा हाताने मागे-पुढे ओढायचा, तो बोल्ट), पाच काडतुसांचं सुटं मॅगझिन, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, नेम धरायला मागे सरकता दर्शक आणि पुढे नळीच्या टोकावर माशी. नळी साधारण ६३ सेंटिमीटर, म्हणजे टू-टूच्या मानाने चांगलीच लांब. बाबांनी १९६८ साली नागपुरातल्या सदरमधल्या एका दुकानातून घेतली होती. ब्रनो हे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं शहर. फौजेतल्या लोकांना ब्रेन गन ही मशीनगन माहीत असते. तिच्या नावाचा पहिला अर्धा भाग याच ब्रनोचा, दुसरा इंग्लंडमधल्या एनफिल्डचा.

बाबांनी तिने तितर आणि ससे मारले, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी नागपूर हे शिकारीचं मोठं ठाणं होतं. ॲलविन कूपर नावाची शिकार कंपनी इथूनच चालायची, परदेशी पाहुणे यायचे, इथल्या जंगलांत त्यांचे कॅम्प लागायचे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि बाबांची ब्रनो कपाटात गेली. त्यानंतर परवाना नूतनीकरणाच्या वेळी ती बाहेर यायची, तेल लागायचं, परत आत. बाबा त्याबद्दल कधी हळहळले नाहीत. "बंद झालं ते बरंच झालं, नाहीतर तुला पेंचमध्ये दाखवायला काय उरलं असतं," एवढंच म्हणाले.

नावावर करून घेण्याचं आधी सांगतो. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच ते वारसाकडे देता येतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे. हे अनेकांना माहीतच नसतं, माणूस गेल्यावर धावपळ सुरू होते. आमच्या कामाला अकरा महिने लागले, त्यातले चार माझ्याच प्रतिज्ञापत्रात रायफलचा नंबर चुकल्यामुळे. नंबर वाचताना भिंग वापरा. तीनचा आठ होतो.

बाबांकडे तीन शस्त्रं होती. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच ठेवता येतात, त्यामुळे एक सोडावं लागलं. गेली ती तीनशे पंधरा बोरची, बीएसए या इंग्रजी कंपनीची रायफल. तिच्या बोरची कथा मजेदार आहे. पॉइंट थ्री नॉट थ्री हा फौजी बोर, म्हणून इंग्रजांच्या काळात तो साध्या माणसाला मिळत नसे. मग फौजी रायफलची तीच ली-एनफिल्ड घडण ठेवून वेगळं काडतूस वापरलं, तेही मुळात ऑस्ट्रियाच्या जुन्या फौजी रायफलचं. ऑस्ट्रियाने ते कधीच सोडून दिलं. आपल्याकडे मात्र इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यामुळे तीनशे पंधरा घराघरांत पोचली. बीएसए देताना बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवले मात्र कमी.

आता वापराचं. जानेवारी ते ऑगस्ट, शहराबाहेरच्या रेंजवर, बहुतेक रविवारी. एकूण ६४० काडतुसं, सगळी पन्नास मीटरवर, सगळी कागदावर.

पहिला धक्का सेफ्टीचा. ब्रनोचा खटका पुढे ढकलला की रायफल सुरक्षित, मागे ओढला की चालू. बाकी बहुतेक रायफलींमध्ये बरोबर उलटं असतं. पहिल्या दिवशी मी रायफल "सुरक्षित" करून टेबलावर ठेवली आणि रेंजवरच्या प्रशिक्षकांनी शांतपणे ती उचलून माझ्याकडे पाहिलं. ती चालू होती. काडतूस नव्हतं, पण तोंड काळं व्हायचं तेवढं झालं. तेव्हापासून माझा नियम असा: खटक्यावर भरवसा नाही. बोल्ट उघडा ठेवायचा, मॅगझिन काढून खिशात. घरात एकापेक्षा जास्त लोक ही रायफल हाताळत असतील तर हा एक मुद्दा पाठ करून घ्या, बाकीचं परीक्षण नाही वाचलं तरी चालेल.

बोल्ट हा या रायफलचा जीव आहे. पहिले शंभर-दीडशे राऊंड तो कुरकुरला, कारण पन्नास वर्षांचं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं. केरोसीनने धुतला, पुसला, दोन थेंब तेल दिलं, आणि मग जो काय चालायला लागला! चाप दाबून धरला की बोल्ट मागून अख्खा बाहेर येतो, त्यामुळे नळी मागच्या बाजूने साफ करता येते, पुढचं तोंड घासलं जात नाही. रेंजवर एकाकडे नवी परदेशी रायफल आहे, तिचा बोल्ट साठ अंशांत उघडतो, आमचा नव्वद घेतो. वरून दुर्बीण लावली तर हा फरक जाणवतो, हात दुर्बिणीला लागतो. साध्या दर्शकावर काहीच जाणवत नाही.

साध्या दर्शकाचा त्रास वेगळा आहे, आणि त्यात रायफलचा दोष नाही. माझं वय सत्तेचाळीस. दर्शक, माशी आणि लक्ष्य, तिन्ही एकदम स्पष्ट दिसायचे दिवस गेले. माशी नीट पाहिली की लक्ष्य पुसट होतं. प्रशिक्षकांनी सांगितलं, माशीच पाहा, लक्ष्य पुसट राहू दे. दीड महिना लागला ते डोक्यात शिरायला. शेवटी पाच गोळ्या दहाच्या नाण्याखाली झाकता येतील इतक्या जवळ यायला लागल्या, म्हणजे २७ मिलिमीटरच्या आत. पण हे चांगल्या काडतुसांवर. स्वस्तातल्या पेटीवर त्याच पाच गोळ्या बशीएवढ्या पसरायच्या. टू-टूमध्ये नळीइतकंच काडतूस महत्त्वाचं असतं हे मी वाचलं होतं, पण कागदावर पाहिल्यावर पटलं. एका जातीचं काडतूस धरा आणि तेच वापरा.

चाप जड आहे. मला तो हलका करून हवा होता. नागपूरच्या महाल भागातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाप दोनदा ओढून पाहिला, रायफल परत माझ्या हातात दिली. म्हणाले, "साहेब, एकदा का कानस लागली का याचं पाणी गेलं समजा. आज हलका होईन, उद्या आपटल्यावर आपोआप सुटन. मंग मले शोधत याल काय?" पाणी म्हणजे पोलादाला दिलेला कठीणपणा. पैसे घेतले नाहीत. मीही नंतर तो विषय काढला नाही.

नागपूरच्या हवेबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण हे कुठल्याच परदेशी परीक्षणात सापडणार नाही. रायफल पावसाळ्यात गंजते असं आपल्याला वाटतं. आमची गंजली मे महिन्यात. बाहेर ४५ अंश, हवा इतकी कोरडी की ओठ फाटतात, मग गंज कुठून आला? कूलरमधून. कपाट ज्या खोलीत, त्याच खोलीत वाळ्याच्या टट्ट्यांचा मोठा कूलर दिवसभर चालू. बाबांनी नळीवरचा नारिंगी ठिपका पाहिला आणि म्हणाले, "अरे, कूलरपुढे ठेवली काय तू? मंग जंग नाई लागन तं काय होईन!" छपन्न वर्षांत त्यांच्या हातून जे झालं नाही ते माझ्या हातून पाच महिन्यांत झालं. कपाट मधल्या खोलीत हलवलं, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, आणि कापडी खोळीत ठेवणं बंद केलं. कापड ओल धरून ठेवतं.

दस्त्याचं उलट. लोखंडाला ओल नको, लाकडाला कोरडेपणा नको. एप्रिलमध्ये अक्रोडाचा दस्ता आकसला, मागच्या पट्टीचे स्क्रू सैल झाले. उपाय घरातच निघाला: जवसाचं तेल. परदेशात याच तेलाच्या डब्या महागात विकतात, आपल्याकडे किराणा दुकानात चटणीच्या जवसाशेजारी बाटली मिळते. तळहातावर चार थेंब, लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, एक दिवस सुकू द्यायचं, असं आठवडाभर. लाकडाचा रंग मधासारखा उघडला. घरात मात्र आठवडाभर वास राहिला, आणि बायकोने त्यावर जे मत दिलं ते इथे लिहीत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक: सकाळी साडेआठनंतर रेंजवर जमिनीतून झळा उठतात आणि लक्ष्य पाण्यात ठेवल्यासारखं हलतं. गोळ्या वर-खाली जातात आणि माणूस दर्शक फिरवत बसतो. दर्शकाला हात लावू नका. सहाला जा, आठला परत या, तर्री-पोहे खा.

मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली, रायफल जमा करावी लागली. परत आली तेव्हा नळीवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे गंजून उमटले होते, अगदी पाचही. जमा करताना नळीला जाड ग्रीस लावा. मी लावलं नव्हतं.

आता मॉडेल बंद पडण्याबद्दल. ब्रनो मॉडेल २ वरून पुढे चेक कंपनी सीझेडची ४५२ आली, ती २०११ मध्ये गेली, मग ४५५, मग २०१९ पासून ४५७. मोठ्या शिकारी रायफलींचंही तेच. ऑस्ट्रियाची मानलिखर-शोनाउअर, जिचं फिरकीचं मॅगझिन प्रत्येक काडतुसाच्या मापाने वेगळं घडवत, ती १९७२ मध्ये थांबली. आपला कायदा आला तेच वर्ष. अमेरिकेत विंचेस्टरने १९६४ मध्ये मॉडेल ७० स्वस्तात बनवायला घेतली आणि लोक आजतागायत त्याआधीच्याच शोधतात. तिचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. सीझेडची, जुन्या जर्मन माउझर रायफलीच्या वळणाची ५५० मालिकाही गेली, २०२१ पासून तिथे ६०० आहे. कारण सगळीकडे एकच. पोलादाचा ठोकळा कोरून, हाताने घासून, एकेक बोल्ट एकेका नळीला बसवायचा तर माणसाचे तास लागतात, आणि तेवढे पैसे द्यायला फार थोडे तयार असतात. शिवाय एकाच सांगाड्यावर नळी बदलून तीन बोर विकता आले, तर तीन वेगळ्या रायफली कोण घडवेल? ४५५ चा सगळा विचार तोच होता.

परदेशातले शौकीन यावर गळे काढतात. मला ते थोडं गमतीचं वाटतं. आपल्याकडे साध्या परवानाधारकाला परदेशी रायफल आयात करणं ऐंशीच्या दशकातच बंद झालं. म्हणजे आपल्यासाठी त्या सगळ्याच तेव्हा बंद पडल्या, कंपनीने कुठल्या साली यादीतून काढल्या याने आपल्याला फरक पडला नाही. चाळीस वर्षं आपण बंद झालेल्या रायफलींवरच नेमबाजी करतोय, मिस्त्री आणि जवसाच्या तेलावर. कंपनीने मॉडेल बंद केलं म्हणून आमची ब्रनो एक दिवसही थांबली नाही. ती थांबली असती तर एका मॅगझिनपायी.

मॅगझिनच्या पत्र्याचे ओठ झिजले होते, तिसरं काडतूस तिरपं होऊन अडकायचं. एकच मॅगझिन, तेही १९६८ चं. कळलं असं की मॉडेल बदलत गेलं, पण मॅगझिनची घडण ४५२, ४५५ पासून ४५७ पर्यंत तीच राहिली आणि जुन्या ब्रनोलाही ते बसतं. परवानाधारक विक्रेत्याकडे जुन्या मालात एक सापडलं, चार महिने पाठपुरावा केल्यावर. अमेरिकेतल्या भाच्याला बॅगेत घालून आणायला सांगू नका. शस्त्राचा सुटा भागही कायद्याने शस्त्रच आहे, विमानतळावर अडकाल.

घ्यावी का? नेमबाजी शिकायची असेल तर नाही. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळाल्यापासून आमच्या रेंजवर पोरं वाढली आहेत, आणि त्यांना स्पर्धेची रायफल लागते, छिद्राचा दर्शक आणि मापाने बदलणारा दस्ता असलेली. ब्रनो घेऊन पन्नास मीटरच्या स्पर्धेला उतरणं म्हणजे ॲटलस सायकल घेऊन शर्यतीला जाणं. शेतातल्या रानडुकरांसाठी विचारत असाल तरीही नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते हा एक भाग, आणि टू-टूने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन पराटीत, म्हणजे कपाशीत, घुसतं, हा दुसरा. पण घरात असेल आणि नळी आतून चकचकीत असेल, तर जमा करू नका. नावावर करून घ्या, रेंजवर न्या.

उरलं ते दस्त्याच्या मागच्या पट्टीच्या सैल स्क्रूचं. मूळ मापाचा स्क्रू नागपुरात कुठेच मिळाला नाही. बाबांनी भोकात आगपेटीची काडी मोडून घातली आणि तोच स्क्रू परत पिळला. एप्रिलपासून हललेला नाही.