माँ ब्लाँ, प्रमाणित गाइडबरोबर : नऊ महिन्यांनंतर लिहिते आहे

मागच्या सप्टेंबरात यूआयएजीएमचा, म्हणजे पर्वत-गाइडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, बिल्ला असलेल्या गाइडबरोबर आल्प्समधल्या सर्वांत उंच शिखरावर, माँ ब्लाँवर, गेले होते. माथ्यापर्यंत पोचले नाही. परत आल्यावर लगेच लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता. त्यानंतर हिवाळाभर बर्फावर जाणं झालं, तिथे शिकलेलं पुन्हा पुन्हा वापरलं, म्हणून आता लिहिते.

सुरुवात इटलीतल्या ग्रान पाराडिसोपासून झाली. ४०६१ मीटरचं हे शिखर विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आधी चढतात. तिथे गाइडने मला अक्षरशः चालायला शिकवलं. पाय एकमेकांपासून थोडे लांब, नाहीतर एका क्रॅम्पॉनचा (बुटाखाली बांधायच्या धातूच्या दातेरी चौकटीचा) दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतो. पाऊल सपाट टेकवायचं, म्हणजे खालचे सगळे दात बर्फात रुततात. मी सवयीने टाचा उचलून चढत होते आणि पोटऱ्या भरून येत होत्या. आणि वेग! पहिला अर्धा तास तर इतक्या हळू चाललो की मला अवघडल्यासारखं झालं. त्यांची कसोटी साधी होती: बोलताना वाक्य मध्येच तुटलं, तर वेग जास्त आहे. त्या वेगाने चाललो आणि माथ्यापर्यंत एकदाही धाप लागून थांबावं लागलं नाही. या नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती ही सवय.

माँ ब्लाँसाठी आम्ही गूते रेफ्यूजची (रेफ्यूज म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) वाट घेतली. नी देग्लपर्यंत ट्राम, मग ३१६७ मीटरवरचं तेत रूस, तिथून ३८३५ मीटरवरचं गूते. या दोन रेफ्यूजच्या मध्ये ती कुप्रसिद्ध घळ आडवी ओलांडावी लागते. दगडांना धरून ठेवणारा बर्फ ऊन चढलं की सुटतो आणि वरून दगड येतात. गाइड काठावर थांबले, वर बघत कान देऊन ऐकलं, ‘आता’ म्हणाले, आणि आम्ही न थांबता पार झालो. त्यापुढच्या कातळात त्यांनी आम्हाला एकमेकांशी जोडणारा दोर आखूड केला. कधी खडकाला वळसा, कधी लोखंडी तारेला. दोर सतत हलका ताणलेला असायचा. माझा पाय एकदा घसरला तर हातभरही खाली गेले नाही.

या वाटेवर एका गाइडमागे जास्तीत जास्त दोन जण घेतात. माझ्याबरोबरचा दुसरा माणूस चौथ्या दिवशी आला, थेट खालून. बुकिंगच्या वेळी मला सांगितलं होतं की जोडीदार तुमच्याइतकाच तयार असेल. तो धडधाकट होता, पण उंचीची सवय करून घेतलेली नव्हती, आणि हे कंपनीने तपासलं नाही. माझी या अनुभवातली खरी तक्रार एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

रात्री दोनला निघालो. डोम द्यू गूते या वाटेतल्या बर्फाच्या घुमटाच्या उतारावरच त्याला उलटी झाली. ४३६२ मीटरवरच्या व्हालो निवाऱ्यापाशी गाइडने त्याला सरळ रेषेत चालायला लावलं. चौथ्या पावलाला तोल गेला. लगेच खाली उतरायचं ठरलं. वर माथ्याकडे जाणारी बॉस धार चांदण्यात स्पष्ट दिसत होती, जेमतेम साडेचारशे मीटर चढ उरला होता. मी म्हणाले, ‘मी इथे थांबते, तुम्ही याला सोडून या.’ ते शांतपणे नाही म्हणाले. रडू आलं मला.

आज त्यांचं बरोबर होतं हे मला नीट कळतं. तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यावरचा पहिला उपाय म्हणजे उतरणं, तेही ताबडतोब. मला त्या थंडीत निवाऱ्यात तासन् तास एकटं सोडणं म्हणजे एकाऐवजी दोन माणसं धोक्यात घालणं. घळीवर ऊन यायच्या आत आम्ही पलीकडे होतो, आणि तेत रूसला त्या माणसाने स्वतःहून पाणी मागितलं. हे पाहिल्यावर माझा राग गाइडवरून उतरला. कंपनीवरचा उतरलेला नाही. पैसे परत नाहीत, हे तर करारातच होतं.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगते, बिल्ला जरूर बघा. खडक, बर्फ, स्की, हिमप्रपातातली सुटका अशा सगळ्याचं कित्येक वर्षांचं शिक्षण आणि परीक्षा झाल्याशिवाय तो मिळत नाही. पण त्याआधी विचारा, दोरावर दुसरं कोण असेल, तो आधी कुठे चढलाय, आणि एकाला उतरावं लागलं तर दुसऱ्याचं काय. परवडत असेल तर गाइड एकट्यासाठीच घ्या. क्रॅम्पॉन भाड्याने चालतात, बूट मात्र स्वतःचे हवेत. माझ्या भाड्याच्या बुटांनी दोन नखं काळी केली, ती पूर्ववत व्हायला अख्खा हिवाळा गेला.

जुलैत पुन्हा जातेय. त्याच गाइडबरोबर, या वेळी एकटी. त्यांच्या उत्तरात पहिलाच प्रश्न होता: आधी किती रात्री तीन हजार मीटरच्या वर काढणार? मी ‘तीन’ असं कळवलंय.