दारव्ह्याचं ढोलकीवाल्याचं दुकान: रबाब इथं नीट होतो का?

हे दुकान मुळात भजनी मंडळांचं. मृदंग, ढोलकी, तबल्याच्या पुड्या, पेटीचा भाता. तिथं आम्ही रबाब, म्हणजे अफगाणी तंतुवाद्य, दुरुस्तीला दिला, दिल्लीत आसऱ्याला आलेल्या एका काबुली वादकाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परत आले आणि काबुलच्या खराबात या गवई-वादकांच्या मोहल्ल्यातलं गाणंबजावणं थांबलं. जुलै २०२३ मध्ये अफगाणिस्तानातल्याच हेरातला त्यांनी वाद्यांची होळी केली, त्यात पेटी-तबलाही होता. वाजवायचं तर देश सोडायचा, आणि वाद्य सोबत दिसलं तर नाक्यावरच अडकायचं; म्हणून कित्येकांनी ते मागंच ठेवलं. ज्यांनी कसंबसं आणलं, त्यांना आता दुरुस्तीवाला सापडत नाही.

कातड्याच्या कामाला पाचपैकी पाच. रबाबाचं खोड तुतीच्या एका ओंडक्यातून कोरलेलं असतं, आणि खालच्या पोकळीवर बकऱ्याचं कातडं. दुकानदारानं जुनं कातडं ओढून फाडलं नाही. कडेला कोमट पाण्याचं फडकं ठेवून सरस (कातड्या-हाडांचा गोंद) मऊ केला, मग सोललं. नवीन कातडं पातळ निवडलं, भिजवलं, चारी बाजूंनी ताणून सरसानंच चिकटवलं. "फेविकॉल लावलं तं पुढच्या वेळी लाकूडच निघते जी," हे त्याचं म्हणणं सोळा आणे खरं. वाळवलं सावलीत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ठेवलं असतं तर कातडं एकदम आकसून कडेचा जोड सुटला असता.

कंबरेजवळची भेग त्यानं लाकडाची पातळ चीप बसवून बुजवली. भुसा आणि गोंदाचा लेप दिला असता तर पहिल्या पावसातच उघडा पडला असता. चीप तुतीची हवी होती. पण इथं तुती रेशीमकिड्यांच्या पाल्यासाठी. काड्या मिळतात, खोड कुठून आणायचं? शिसमाची लावली, रंग वेगळा दिसतो, आवाजाला धक्का नाही.

तारांत मात्र गफलत झाली. मुख्य तीन तारा पूर्वी आतड्याच्या असत, आता नायलॉनच्या. यानं सतारीच्या हिशेबानं पोलाद चढवलं. ताण वाढला, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) कातड्यात रुतली आणि आवाज पत्र्यासारखा कर्कश झाला. सांगितल्यावर बिनातक्रार बदलल्या, पैसे मागितले नाहीत. दुसरी चूक घोडीची. तरफा, म्हणजे मुख्य तारांच्या सुरानं आपोआप घुमणाऱ्या बारीक तारा, घोडीच्या भोकांतून जातात. त्यानं भोकं मोठी पाडली, म्हणून दोन तरफा झणझणतात. भोकात हाडाची बारीक चकती बसवायला सांगा, पोलादी तार मऊ लाकूड कापत जाते.

कातडं आणि मजुरी मिळून २,२०० रुपये घेतले. तारा आपल्या आपण नेलेल्या बऱ्या.

काम टाकायचं तर कार्तिकी एकादशीनंतर. आषाढी-कार्तिकीच्या आधी दुकानात मृदंगांचा ढीग असतो आणि पावसाळ्यात कातडं ताण धरत नाही. कुरिअरनं पाठवताना तारा निम्म्या सैल करा, पूर्ण नको, नाहीतर घोडी निसटते. घोडीखाली आणि भोवती सुती कापड घाला, आणि जुन्या तारांचे तुकडे क्रमानं कागदावर चिकटवून सोबत द्या. हे नसेल तर तो पुन्हा सतारीचीच तार काढेल.